जाताना वादी पुढे, येताना प्रतिवादी

वारंगा फाट्यावर उतरले आणि बॅगा खाली ठेवायच्या आधी मी वास घेतला. परदेशात राहून माणसाचं नाक फार शहाणं होतं, गावी आल्या आल्या ते हजेरी घ्यायला लागतं. डिझेल होतं. तेलात नुकत्या सोडलेल्या मिरचीभज्यांचा ठसका होता. रसवंतीच्या चिपाडांचा गोडसर वासही होता. नव्हता तो फक्त घोंगडीचा. पावसात भिजून उन्हात वाळलेल्या, मेंढरांची ऊब धरून बसलेल्या काळ्या घोंगडीचा तो वास एकदा आमच्या जीपमध्ये चढला की कळमनुरी येईपर्यंत उतरायचा नाही.

रस्ता आता चौपदरी झालाय. बाबांची काळीपिवळी जिथे उभी राहायची तिथे दुभाजक आलाय आणि त्यात कण्हेर फुललीय. नांदेडहून उमरखेडकडे निघालेल्या एका ओळखीच्या गाडीने मला इथे सोडलं होतं, आणि बाबा मला घ्यायला आले होते. घ्यायला म्हणजे काय, त्यांच्याकडे आता सायकलसुद्धा नाही. बाळापूरहून कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून आले, डोक्याला मफलर, हातात काठी. पण पोरगी येऊन राहिली म्हटल्यावर फाट्यापर्यंत जायचंच, हा त्यांचा जुना नेम. बाळापूरची बस येईपर्यंत चहा घेऊ म्हणाले आणि हॉटेलवाल्याला लांबूनच हात केला. चहा उकळेपर्यंत मी त्या दुभाजकाकडे बघत बसले.

तिथे माझी पहिली शाळा होती. मी कॅनडात वकिली करते. माझ्या ऑफिसच्या भिंतीवर चौकटीत लावलेली बरीच कागदं आहेत आणि येणारे-जाणारे ती आदराने वाचतात. पण माझ्या शिक्षणाची सुरुवात झाली ती बाबांच्या जीपमध्ये, गिअरच्या दांड्याशेजारी गुडघे आवळून बसून. हे कुठल्या चौकटीत लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

जीप म्हणजे काय वर्णावी. अंगाला काळा-पिवळा रंग, त्यावर जागोजागी पत्र्याची ठिगळं, मागे समोरासमोर बाकं, वर ताडपत्रीचं छत. डॅशबोर्डवर पांढऱ्या दगडाचा छोटा बुद्ध, डोळे मिटून बसलेला, आणि बाबांचं चालवणं बघता तेच बरं होतं. कागदावर जितकी माणसं बसायची परवानगी होती, तितकी आमच्या पुढच्या सीटवरच मावायची. वारंगा, बाळापूर, कळमनुरी, आणि सीटा भरल्या तर पुढे हिंगोली. बाजाराच्या दिवशी कोंबड्या आणि भाज्यांच्या पाट्या, लगीनसराईत वाजंत्री, आणि एरवी तारखेची माणसं.

तारखेची माणसं म्हणजे कोर्टात ज्यांची तारीख असेल ती. आमच्या भागात तारीख ही निम्मी कटकट असायची आणि निम्मी सहल. माणसं सकाळी आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून निघायची. फडक्यात भाकरी, जवसाची चटणी, कांदा. खिशात पिवळा पडलेला कागद, तो दर थोड्या वेळाने चाचपून बघायचा. आणि गंमत अशी की ज्याने केस केली तो आणि ज्याच्यावर केस केली तो, दोघं एकाच गावचे. गावाहून निघणारी गाडी एकच. मग भांडण काहीही असो, बसायचं आमच्याच जीपमध्ये.

बाबांनी त्यासाठी कायदा करून ठेवला होता. पहिलं कलम, गाडीत केस काढायची नाही. केस कोर्टात. इथे पाऊसपाणी, पीक, पोरंबाळं, सोयरिकी. दुसरं कलम सीटचं. पुढच्या सीटवरून गावात मानापमान व्हायचे, म्हणून जाताना वादी पुढे बसणार आणि येताना प्रतिवादी. निकाल काय लागला, कोण जिंकलं, याचा सीटशी संबंध नाही. एकदा एक तालेवार गडी येतानाही पुढेच बसून राहिला. बाबांनी गाडी सुरूच केली नाही. स्टेअरिंगवर हात ठेवून पेरूच्या टोपलीवाल्या बाईशी गप्पा मारत बसले, तेव्हा तो पाय आपटत मागे गेला.

सुट्टीत मी बाबांबरोबर असायची. पाढे यायच्या आधी मला मुद्दई, पेशी, मनाई हुकूम, पंचनामा हे शब्द येत होते. निजाम गेला पण त्याचे शब्द आमच्या कोर्टात जागा धरून बसले होते. गाडी खड्ड्यातून उडायची, बुद्ध जागचा हलायचा नाही, आणि मागून कुणीतरी म्हणायचं, पोरगी हुशार हाय, तिला वकील करा. बाबा ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि पुढचा खड्डा मुद्दाम चुकवायचे.

ह्या सगळ्या माणसांमध्ये माझ्या लाडाचे दोघं होते, मारोतराव आणि खंडूमामा. मारोतराव शेतकरी, कडक इस्त्रीचे, बोलताना मिशीला हात. खंडूमामा मेंढरंवाले, खांद्यावर ती घोंगडी, आवाज असा की वाऱ्याच्या उलट दिशेला ऐकू जायचा. खंडूमामाच्या मेंढ्यांनी आपला हरभरा खाल्ला अशी मारोतरावांची केस होती. खाल्ला नाही, असं खंडूमामाचं म्हणणं. ही केस मी शाळेत असताना सुरू झाली आणि मला सनद मिळाल्यावरही चालूच होती.

पण केस म्हणजे दुश्मनी असं काही दिसायचं नाही. थंडीत मारोतराव येताना ढाळे घेऊन यायचे, हरभऱ्याची हिरवी झाडं घाट्यांसकट उपटून. जीपभर वाटायचे. ज्या वावराची केस, त्याच वावरातले ढाळे, आणि त्यातली मोठी पेंडी खंडूमामाच्या मांडीवर. सगळी जीप सोलून खात असायची, खाली हिरव्या टरफलांचा थर, बोटांना आंबट खार. उन्हाळ्यात तर कमाल व्हायची. वावर मोकळं झालं की मारोतराव त्याच खंडूमामाची मेंढरं आपल्या रानात खताला बसवायचे. रात्रभर मेंढरं बसली की जमिनीला लेंडीखत मिळतं, ही आमच्याकडची जुनी रीत. म्हणजे तिकडे कोर्टात मेंढरं शिरली म्हणून दावा, आणि इकडे तीच मेंढरं आवतण देऊन बोलावलेली. ह्यात काही विसंगत आहे असं आम्हाला कुणालाच वाटलं नाही.

मग मी नांदेडला कायद्याला गेले. कशी गेले, फीचं काय केलं, ते राहू द्या. मला आठवते ती सकाळची एसटी. काचेवर दव, कंडक्टरची टिकटिक, आणि मांडीवर पुस्तक उघडं ठेवून मी कलमं पुटपुटत असायची. शेजारच्या बाईला वाटायचं पोरगी परित्राणपाठ म्हणते, ती पण हात जोडायची. फेब्रुवारी-मार्चात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद शिजायची. मोठमोठ्या कढयांखाली जाळ, वर पांढरी वाफ, आणि तो कडू-गोड, मातकट, थोडा औषधी वास बसच्या फटीफटीतून आत यायचा. करार कायदा मी त्याच वासात पाठ केला. अजूनही कराराचा मसुदा लिहायला घेतला की मला हळद आठवते, आणि हे मी माझ्या कॅनडियन सहकाऱ्यांना सांगत नाही.

सनद मिळाली त्या दिवशी वस्तीतल्या विहारात खीर झाली. बाळापूरच्या टेलरने शिवलेला काळा कोट घालून मला सगळ्यांपुढे उभं केलं. कोट खांद्यात इतका मोठा होता की आत अजून एखादी वकील मावली असती. म्हाताऱ्या बायांनी बाही चाचपून बघितली, कापड बराबर हाय म्हणाल्या. बाबा मागे दाराशी उभे होते, हातात जीपची किल्ली. ते रडले असं आई नंतर सांगायची, बाबा अजून कबूल करत नाहीत.

कळमनुरीच्या कोर्टात मी काझीसाहेबांकडे ज्युनिअर लागले. उंच, सडपातळ, दाढीला मेंदी, आणि पानाच्या डब्याशिवाय फाईल न उघडणारे. कोर्टाच्या आवारात चिंचेखाली त्यांचं पत्र्याचं शेड होतं. तिथे वास असायचा शिक्क्याच्या शाईचा, जुन्या कागदाचा, कात-चुन्याचा. बाहेर टाइपरायटर पाऊस पडल्यासारखा वाजायचा आणि मधेच कोर्टाचा शिपाई व्हरांड्यात येऊन पक्षकारांची नावं पुकारायचा. काझीसाहेबांची शिकवायची पद्धत अजब होती. फाईलला हात लावू द्यायचे नाहीत. आधी माणसाला पाणी दे, म्हणायचे, मग त्याचं सगळं ऐक, त्याच्या बैलाचं, त्याच्या जावयाचं, आणि तो दमला की मग केस विचार. वकिलाला आधी कान लागतात बेटा, तोंड तर कोंबड्यालापण असतं. मी कित्येक महिने नुसतं पाणी दिलं आणि ऐकलं. दुसऱ्या ज्युनिअर पोरांनी चेष्टा केली, मला पाणीवाली वकीलसाहेब म्हणायचे. मी पण त्यांना कधी पाणी विचारलं नाही.

खंडूमामाची केस काझीसाहेबांकडेच होती. शेवटच्या युक्तिवादाच्या दिवशी साहेबांचा घसा बसला. खरंच बसला की बसवला, ते माहीत नाही, पण त्यांनी गळ्याला मफलर गुंडाळला आणि मला पुढे ढकललं. मी उभी राहिले. कोटाच्या बाह्या बोटांवर येत होत्या. मी म्हटलं, वादीच्या पिकाचं एवढं नुकसान झालं असतं तर वादीने तीच मेंढरं दर उन्हाळ्यात आपल्याच रानात बसवली नसती, आणि हे त्यांनी साक्षीत कबूल केलंय. जज्जसाहेबांनी पेन थांबवलं, मारोतरावांकडे बघितलं आणि परत लिहायला लागले. पुढच्या तारखेला निकाल लागला. दावा फेटाळला.

खंडूमामाने आवारातच मला उचलायचं बाकी ठेवलं होतं. पण जीपपाशी आलो तर मारोतराव नाहीत. सगळे बसले. रीतीप्रमाणे येताना पुढची सीट प्रतिवादीची, म्हणून खंडूमामा पुढे. लोक कुजबुजले, जाऊ द्या, बसने गेले असतील, आता कशाला तोंड दाखवतील. बस तर केव्हाच निघून गेली होती. बाबांनी किल्ली काढून खिशात घातली.

"सकाळी संगं आणलेत," ते म्हणाले, "संगंच नेणार."

 ऊन उतरायला लागलं. चिंचेखालची माणसं पांगली, टाइपरायटरवर कापड पडलं, रसवंतीचं घुंगरू थांबलं. मी आयुष्यातली पहिली केस जिंकले होते आणि मला भूक लागली नव्हती. पुष्कळ वेळाने मारोतराव तहसीलच्या बाजूने चालत आले. टोपी हातात, इस्त्री मोडलेली. ते सरळ मागच्या बाजूला चढायला गेले तेव्हा खंडूमामा पुढून उतरले, घोंगडी सावरली आणि मागे जाऊन बसले. पुढची सीट रिकामी राहिली. मारोतराव क्षणभर उभे राहिले आणि तिथे बसले. बाबांनी त्या दिवशी आपलं कलम मोडू दिलं.

बाळापूर जवळ येईपर्यंत जीपमध्ये फक्त इंजिनाचा आवाज होता. मग मारोतराव समोर बघतच मला म्हणाले, "पोरी, चांगलं बोलली तू. पण हरभरा खाल्ला व्हता. खरंच खाल्ला व्हता."

मागून, घोंगडीच्या आतून आवाज आला, "व्हय. थोडा खाल्ला व्हता."

आधी मारोतरावच हसायला लागले. मिशीला हात लावून, खांदे हलवत. त्यांच्या मागोमाग खंडूमामा, मग सगळेच. बाबांनी आरशात सगळ्यांकडे रागाने बघितलं.

"गाडीत केस काढायची न्हाई, किती वेळा सांगू," ते म्हणाले, आणि गिअर बदलला.

त्या उन्हाळ्यात खंडूमामाची मेंढरं मारोतरावांच्या रानात नेहमीपेक्षा जास्त दिवस बसली. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. काझीसाहेबांना मी हा सगळा किस्सा सांगितला तर ते पानाचा डबा उघडता उघडता इतके हसले की बसलेला घसा सुटला.

मग लग्न झालं आणि मी कॅनडात गेले. निरोप द्यायला गेले तेव्हा काझीसाहेब म्हणाले, कायदा सगळीकडे एकच बेटा, तिकडे फक्त थंडी जास्त. पहिल्या अर्ध्या वाक्यात त्यांची चूक होती. तिथल्या मंडळींनी माझी नांदेडची गुणपत्रिका उलटसुलट करून बघितली आणि कळवलं की तुम्ही तिकडे वकील असाल, इथे परत परीक्षा द्या. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून परीक्षा दिल्या. खिडकीबाहेर बर्फ, कुकरची शिट्टी, पोराचं रांगणं आणि समोर कॅनडाची राज्यघटना. मालमत्तेच्या पुस्तकात एक जुना खटला होता, शेजाऱ्याच्या गाई कुंपण मोडून दुसऱ्याच्या ओटच्या पिकात शिरल्याचा. तो वाचून मला इतका आनंद झाला की मी पुस्तक मिटून नवऱ्याला ढाळे कसे सोलतात ते सांगत बसले.

परीक्षा झाल्या की तिथे उमेदवारी करावी लागते. जुन्या वकिलाच्या हाताखाली काम करायचं, आणि शेवटी त्याने लिहून द्यायचं की हा माणूस वकिली करायला लायक आहे. ते मिळालं नाही तर सगळं मुसळ केरात. मला ऑन्टारिओतल्या एका छोट्या गावात मार्गारेटबाईंनी ठेवून घेतलं. साठीकडे झुकलेल्या, आखूड पांढरे केस, चष्म्याची साखळी गळ्यात. त्यांचं ऑफिस बेकरीच्या वर होतं, त्यामुळे सकाळी सगळ्या फाईलींना पावाचा वास यायचा. हळदीनंतर पाव, माझ्या कायद्याला खाण्याचाच शेजार लिहिलेला. तिथल्या कोर्टात समोरच्या वकिलाला 'माझा मित्र' म्हणतात. आमच्याकडेही विद्वान मित्र म्हणायची रीत होतीच, त्यामुळे मला घरी आल्यासारखं वाटलं. ते वाटणंच नडलं.

मार्गारेटबाईंनी मला छोट्या दाव्यांच्या कोर्टात एक केस दिली. मिसेस डॉयल आमच्या पक्षकार, म्हणजे वादी, आणि मिसेस कोवाल समोरच्या, प्रतिवादी. दोघी शेजारणी, दोघी एकट्या राहणाऱ्या, आणि भांडण कुंपणावरून. सुनावणी झाली, पुढची तारीख पडली. मी गाडी काढून बाहेर आले तर दोघी बसथांब्यावर उभ्या होत्या, एक ह्या टोकाला, दुसरी त्या टोकाला. मधून वारा. थंडी अशी की पापण्या चिकटाव्यात. बस दिसत नव्हती. मिसेस कोवालबाईंचा वकील आपल्या गाडीत एकटाच बसून निघून गेला होता.

मी काही विचार केला नाही. विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. गाडी थांबवली, काच खाली केली आणि दोघींना बसा म्हटलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, मग थंडी जिंकली. मिसेस डॉयलनी आमच्या पक्षकार म्हणून पुढचं दार उघडलं, तर मी त्यांना मागे बसवलं. येताना प्रतिवादी पुढे. वाटेत त्यांनी कुंपणाचा विषय काढला, त्यावर मी इंग्रजीत बाबांचं पहिलं कलम सांगितलं. मग आम्ही बर्फाबद्दल, सांधेदुखीबद्दल आणि मिसेस कोवालबाईंच्या बिटाच्या सूपबद्दल बोललो. दोघींना त्यांच्या दारात सोडलं. मी गाणं गुणगुणत घरी आले.

मिसेस कोवाल भल्या बाई. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या वकिलाला कौतुकाने सांगितलं की ती नवी मुलगी किती चांगली, मला घरी सोडलं. त्या वकिलाने लगेच मार्गारेटबाईंकडे तक्रार केली. ज्याला स्वतःचा वकील आहे अशा माणसाशी समोरच्या वकिलाने परस्पर बोलायचं नाही, हा तिथला पक्का नियम. मी तो परीक्षेत लिहिला होता, चांगले मार्क मिळाले होते. पण तो नियम गाडीलाही लागतो हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मार्गारेटबाईंनी मला समोर बसवलं. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं. त्यांनी विचारलं काय झालं, मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"आणि तू तिला पुढे बसवलंस?"

मी हो म्हटलं.  त्या म्हणाल्या, मिसेस डॉयलना वाटलं की आपली वकील समोरच्या बाजूची आहे, तर पुढे त्या तुझ्यावर विश्वास कसा ठेवतील? तुझ्या लायकीच्या कागदावर मी सही करावी की नाही ते मला ठरवावं लागेल, सोमवारी बोलू. मी जिना उतरले तेव्हा बेकरीतून नेहमीचा वास येत होता आणि मी पाव न घेताच बाहेर पडले.

नवरा म्हणाला, ओळखलंच नाही म्हण. टोपी-मफलरमध्ये कोण कुणाला ओळखतं, थांब्यावर दोन म्हाताऱ्या दिसल्या, गाडीत घेतल्या. साधं होतं. पटण्यासारखं होतं. कोट, परीक्षा, पोराला मांडीवर घेऊन केलेला अभ्यास, विहारातली खीर, सगळं एवढ्याशा वाक्याने वाचत होतं. मी शनिवारी सकाळी बाबांना फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, मागे कुणीतरी गाईला हाकत होतं. मी सगळं सांगितलं आणि वकिलीच जाईल कदाचित, असं म्हणून रडायला लागले. बाबा ऐकत होते. रडणं थांबल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"त्या दोघी बराबर घरी पोचल्या ना?"

पोचल्या, मी म्हटलं.

"मंग झालं तर," बाबा म्हणाले, आणि आईला काय निरोप द्यायचा ते विचारायला लागले.

सोमवारी मी मार्गारेटबाईंना खरं तेच परत सांगितलं. ओळखलं होतं, दोघींनाही ओळखलं होतं, म्हणूनच थांबले. मग जीपचं सांगितलं. ढाळे, मेंढरं, पुढची सीट, चिंचेखालचं थांबणं. माझं इंग्रजी अडखळत होतं आणि ढाळ्याला काय म्हणतात ते मला त्या क्षणी आठवेना, तर मी हाताने सोलून दाखवलं. त्यांनी विचारलं, उद्या परत तसंच झालं तर काय करशील? हा खरा प्रश्न होता, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. मी म्हटलं, गाडीत घेणार नाही. टॅक्सी बोलवीन, आणि ती येईपर्यंत त्या बाईंबरोबर थंडीत उभी राहीन, केसबद्दल अवाक्षर न बोलता.

मार्गारेटबाईंनी चष्मा घातला, फोन उचलला आणि समोरच्या वकिलाला लावला. त्याच्याशी काय बोलल्या ते सगळं सांगत नाही, पण 'माझ्या मित्रा' असं दोनदा म्हणाल्या आणि दोन्ही वेळा ते शिवीसारखं ऐकू आलं. आपला पक्षकार थांब्यावर गोठत असताना तुम्ही कुठे होतात, असंही त्यांनी विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या की नियम चांगला आहे, तो पाळायचा, आणि उमेदवारी संपली की मी सही करीन. त्यांनी केली. उन्हाळ्यात मी काळा झगा घालून शपथ घेतली. तो झगा खांद्यात बरोबर बसत होता, म्हणून फोटोत मी दुसऱ्याच कुणासारखी दिसते.

चहा आला. बाबांनी बशीत ओतला, फुंकर मारली. काझीसाहेब गेले, मारोतराव गेले. खंडूमामा आहेत, पण मेंढरं विकली आणि आता नातवाच्या मोटारसायकलवर फिरतात. बाबांची जीप भंगारात जाऊनही वर्षं झाली. तारखेला माणसं आता आपापल्या गाडीने जातात, बाबा सांगत होते, वादी वेगळा जातो आणि प्रतिवादी वेगळा. काही वाईट नाही त्यात, म्हणाले, पण भाकरी एकट्यानंच खावी लागते.

मग त्यांनी माझ्या गाडीचं विचारलं. मी फोनमध्ये फोटो दाखवला. बर्फात उभी असलेली, सात माणसं सहज बसतील अशी. बाबांनी फोन लांब धरून, डोळे बारीक करून बघितली. टायर बघितले. मागची बाकं किती रुंद ते विचारलं. मी सांगितलं की तेव्हापासून नियम पक्का पाळते, बाबा. कोर्टातून निघते तेव्हा थांब्यावर माणसं उभी दिसतात, ओळखीची असतात, कधी माझ्याच केसमधली. मी टॅक्सीला फोन करते, उभी राहते, आणि ती गेली की घरी येते. गाडीत मी एकटीच असते.

बाबांनी फोन माझ्या हातात परत दिला.

"मंग येवढी मोठी गाडी काहून घेतली?"

मी हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली आणि मी काय सांगते ते ऐकायला ते माझ्याकडे बघत राहिले.